वेम्बलीचे दालन आणि वडाळ्याचे संग्रहालय : कुष्ठरोगाच्या स्मृतीचा इतिहास

लंडनच्या वायव्येकडील वेम्बली या उपनगरात २३ एप्रिल १९२४ रोजी राजे पाचवे जॉर्ज यांच्या हस्ते ब्रिटिश साम्राज्य प्रदर्शनाचे उद्घाटन झाले. दोनशेहून अधिक एकर जागेवर पसरलेले आणि १९२४ व १९२५ अशा दोन हंगामांत भरलेले हे प्रदर्शन सुमारे २ कोटी ७० लाख लोकांनी पाहिले, आणि साम्राज्यातील बहुतेक देशांनी आपला माल, आपली कारागिरी व आपली प्रगती तेथे मांडली. हिंदुस्थानचे घुमट-मिनारांचे पांढरेशुभ्र दालन पाहणाऱ्यांच्या नजरेत भरत असे आणि निरनिराळ्या प्रांतांचे कक्ष त्यात होते. ब्रिटिश सरकारच्या स्वतंत्र दालनात मात्र एक वेगळ्या प्रकारचा विभाग होता : उष्ण कटिबंधातील आरोग्याचा. हिवताप, निद्रारोग यांसारख्या रोगांवर विज्ञानाने मिळवलेला विजय हा साम्राज्याच्या कर्तबगारीचा भाग म्हणून तेथे दाखवला जात होता. रोग आणि त्यावर मात करणारा वैद्य यांना प्रेक्षकांसमोर उभे करण्याची ही रीत पुढे अनेक संग्रहालयांनी उचलली. त्या मांडणीत जिंकणाऱ्याला नाव होते आणि रोग सोसणारा माणूस बहुधा निनावीच राहत होता.

त्याच १९२४ साली लंडनमध्ये ब्रिटिश एम्पायर लेप्रसी रिलीफ असोसिएशन, म्हणजे साम्राज्यातील कुष्ठरुग्णांच्या साहाय्यासाठी काढलेली संस्था, कामाला लागली. कलकत्त्यात दीर्घकाळ संशोधन केलेले सर लिओनार्ड रॉजर्स हे तिच्या संस्थापकांपैकी प्रमुख होते आणि ‘लेप्रा’ या नावाने ती संस्था आजही काम करते. साम्राज्यातील कुष्ठरोगाविषयी लंडनमध्ये उघडपणे सभा भरत होत्या, वर्गण्या गोळा होत होत्या. परंतु स्वतः इंग्लंडमध्ये असलेले मोजके कुष्ठरुग्ण एसेक्स परगण्यातील ईस्ट हॅनिंगफील्ड या खेड्यात १९१४ साली सुरू झालेल्या सेंट जाइल्स होम्स या निवासात लोकांच्या नजरेआड राहत होते. दूरच्या रुग्णाविषयी कळवळा आणि जवळच्या रुग्णाला आडोसा, ही दुहेरी वृत्ती केवळ इंग्रजांची नव्हती. कुष्ठरोग जेथे जेथे होता तेथील अनेक समाजांत ती आढळते, आणि महाराष्ट्रही त्याला अपवाद नाही.

महाराष्ट्रात या रोगाच्या स्मृतीला वाहिलेली जागा मुंबईत वडाळा येथे आहे. मुंबई महानगरपालिकेच्या ॲक्वर्थ कुष्ठरोग रुग्णालयाच्या आवारात रुग्णालयाचा आणि कुष्ठरोगाचा इतिहास मांडणारे संग्रहालय आहे, आणि १८९० पासूनच्या एका संस्थेची वाटचाल त्यातून समजून घेता येते. वेम्बलीतील दालन ज्या साम्राज्याने उभारले त्याच साम्राज्याच्या एका अधिकाऱ्याने वडाळ्याची संस्था सुरू केली, तरी दोन्ही जागांचा धर्म एक नाही. वेम्बलीतील दालन रोगापासून हजारो मैल दूर होते, तर वडाळ्याचे संग्रहालय प्रत्यक्ष त्या जमिनीवर उभे आहे जेथे रुग्णांना आणून ठेवले गेले, जेथे ते जगले आणि मेले. म्हणूनच उपचार करणाऱ्यांच्या गौरवावर थांबण्याची मोकळीक वडाळ्याला नाही.

या इतिहासाचे वळण लक्षात येण्यासाठी रोगाचे स्वरूप थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. कुष्ठरोग हा ‘मायकोबॅक्टेरियम लेप्री’ या जिवाणूमुळे होतो. हा जिवाणू मुख्यतः त्वचेवर आणि हातापायांकडे व चेहऱ्याकडे जाणाऱ्या परिघीय चेतातंतूंवर, म्हणजे मेंदू व मेरुरज्जू यांच्या बाहेरील नसांवर, हल्ला करतो. त्याची वाढ अत्यंत मंद असते. एकाचे दोन होण्यास त्याला जवळजवळ दोन आठवडे लागतात, आणि त्यामुळे संसर्ग झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत सरासरी ५ वर्षे आणि काही वेळा २० वर्षेही जातात. बहुसंख्य माणसांत या जिवाणूला रोखण्याची नैसर्गिक शक्ती असते, म्हणून रुग्णाच्या सहवासात राहणाऱ्यांपैकी थोड्यांनाच हा रोग होतो. हातापायांची बोटे झडणे हे रोगाचे थेट कार्य नसते. नस मेल्यामुळे वेदना कळत नाही, वेदना कळत नसल्यामुळे चुलीचा चटका, पायात रुतलेला काटा किंवा चपलेने पडलेला घट्टा लक्षात येत नाही, आणि दुर्लक्षित जखमा चिघळून हाडापर्यंत पोचतात. ही कार्यकारणाची साखळी उलगडेपर्यंत समाजाने विद्रूपतेचा अर्थ पाप, शाप किंवा दूषित रक्त असाच लावला.

रोग आनुवंशिक की सांसर्गिक, हा एकोणिसाव्या शतकातला मोठा वाद होता, आणि त्याचे केंद्र नॉर्वेतील बर्गन हे बंदर होते. युरोपात इतरत्र हा रोग जवळजवळ नाहीसा झाला असताना नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावर तो टिकून होता; १८५६ पासून तेथे रुग्णांची राष्ट्रीय नोंदवही ठेवली जात होती, आणि त्याच बर्गनमध्ये गेऱ्हार्ड आर्मौअर हॅन्सेन यांनी १८७३ साली रुग्णांच्या गाठींतील द्रवात हा जिवाणू पाहिला. त्या वर्षी नॉर्वेला गेलेल्यांमध्ये मुंबईहून आलेला एक डॉक्टर होता. हेन्री व्हॅनडाइक कार्टर हे त्याचे नाव. वैद्यकाच्या विद्यार्थ्यांच्या पिढ्यान् पिढ्या ज्या ग्रेच्या शरीररचनाशास्त्रावर वाढल्या, त्या १८५८ च्या ग्रंथातील आकृत्या कार्टर यांनी काढलेल्या होत्या. परंतु त्यांचे आयुष्यभराचे वैद्यकीय काम मात्र मुंबई इलाख्यात झाले. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांनी शरीररचना शिकवली, साताऱ्यात सिव्हिल सर्जन म्हणून काम केले, आणि मुंबईत भायखळ्याच्या जमशेटजी जिजीभाई धर्मशाळेत आश्रयाला असलेल्या कुष्ठरुग्णांचा बारकाईने अभ्यास केला.

कार्टर यांच्या पाहणीत कोकणाला, विशेषतः रत्नागिरी जिल्ह्याला, महत्त्वाचे स्थान होते. गिरण्या आणि गोदीतील कामाच्या ओढीने जो कोकणी माणूस मुंबईला येत होता, त्याच वाटेने गावात राहणे अशक्य झालेला कुष्ठरुग्णही मुंबईला येत होता. फरक इतकाच की पहिल्याला चाळीत नात्यागोत्याचा आसरा मिळे आणि दुसऱ्याला धर्मशाळा किंवा रस्ता. ‘ऑन लेप्रसी अँड एलिफंटायसिस’ हा कार्टर यांचा सचित्र ग्रंथ १८७४ साली निघाला. नॉर्वेत पाहिलेल्या व्यवस्थेच्या आधारे रुग्णांसाठी स्वतंत्र आश्रम असावेत असे त्यांनी आग्रहाने मांडले. मुंबईतील पुढच्या घडामोडींचे बीज या शिफारशीत आहे.

कार्टर रोगाचे कारण शोधत असताना त्याच शहरात एक मराठी डॉक्टर औषधाच्या मागे होता. डॉ. भाऊ दाजी लाड हे ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या पदवीधरांपैकी एक. प्राच्यविद्येचे अभ्यासक, शिलालेखांचे वाचक आणि मुंबईच्या सार्वजनिक जीवनातील अग्रणी म्हणून त्यांची ओळख आहे, आणि भायखळ्याच्या जुन्या व्हिक्टोरिया आणि आल्बर्ट वस्तुसंग्रहालयाला १९७५ साली त्यांचेच नाव दिले गेले. त्यांच्या कुष्ठरोगावरील कामाची आठवण मात्र त्या मानाने फार थोड्यांना असते. पश्चिम घाटाच्या ओलसर जंगलात वाढणाऱ्या आणि मराठीत कडू कवठ किंवा कवटी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या झाडाच्या बियांचे तेल त्यांनी कुष्ठरुग्णांना देण्यास सुरुवात केली. हे फळ चेंडूसारखे गोल आणि कठीण सालीचे असते; आतल्या गरात दाटीने बसलेल्या कोनदार बिया वाळवून, फोडून आणि दाबून त्यांतून पिवळसर तेल काढले जाते. पोटात घेतले तर मळमळ आणि उलटी यांनी रुग्ण हैराण होतो, म्हणून मात्रा हळूहळू वाढवत नेणे, आहार सांभाळणे आणि तेच तेल अंगालाही चोळणे असा उपचार महिनोन् महिने चालवावा लागे.

भाऊ दाजींनी आपले औषध बराच काळ गुप्त ठेवले, आणि ते उघड करावे म्हणून त्यांच्यावर टीकाही झाली. या औषधाने रोग मुळापासून जात नव्हता, ही गोष्ट आजच्या ज्ञानाच्या आधारे स्पष्टपणे सांगितली पाहिजे. तरीही काही रुग्णांचे चट्टे व गाठी कमी होत होत्या, आणि त्या काळी युरोपीय वैद्यकाजवळ याहून चांगले देण्यासारखे काहीच नव्हते. १८७४ साली भाऊ दाजींचे निधन झाले. पुढे सुमारे अर्धशतकाने, वेम्बलीचे प्रदर्शन भरले तेव्हा, जगभरातील कुष्ठरोगतज्ज्ञांची मोठी आशा याच वनस्पतिकुलातील तेलांवर होती : रॉजर्स यांनी कलकत्त्यात या तेलापासून टोचता येतील असे क्षार बनवले होते, आणि हवाई बेटांवर ॲलिस बॉल या तरुण आफ्रिकी-अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ स्त्रीने चौलमुग्रा तेलाची टोचण्याजोगी संयुगे तयार केली होती. बॉल १९१६ साली अवघ्या २४ व्या वर्षी वारली आणि तिच्या कामाचे श्रेय दीर्घकाळ दुसऱ्याच्या नावावर राहिले. औषधांच्या इतिहासात नाव कोणाचे टिकते हे गुणवत्तेइतकेच प्रकाशनावर, पदावर आणि सत्तेच्या जवळिकीवर ठरत आले आहे, हे भाऊ दाजी आणि बॉल या दोघांच्याही उदाहरणांवरून दिसते.

उपचाराची ही धडपड चालू असताना शासनाचे लक्ष मुख्यतः रस्त्यावर दिसणाऱ्या रुग्णाकडे होते. हवाईमधील मोलोकाई बेटावर कुष्ठरुग्णांची सेवा करणारे फादर डेमियन स्वतः त्याच रोगाने एप्रिल १८८९ मध्ये मरण पावले, आणि त्या बातमीने इंग्लंडमध्ये भीती व सहानुभूती या दोहोंची लाट उसळली. तिच्यातून उभारलेल्या निधीतून १८९०-९१ मध्ये हिंदुस्थानात कुष्ठरोग आयोग फिरला. रोग आनुवंशिक नाही आणि संसर्गाचा धोकाही समजला जातो तितका मोठा नाही, असा सौम्य निष्कर्ष त्या आयोगाने काढला. मुंबईत मात्र निर्णय आधीच झाला होता. म्युनिसिपल कमिशनर हॅरी आर्बथनॉट ॲक्वर्थ यांनी १८८८ च्या मुंबई महापालिका कायद्यातील संसर्गजन्य रोगांविषयीच्या तरतुदींचा आधार घेऊन रस्त्यावरील कुष्ठरुग्णांना हलवण्याचे ठरवले, लोकांकडून वर्गणी उभी केली, आणि १८९० साली शहराच्या तेव्हाच्या उत्तर सीमेवर, माटुंग्याला, ‘होमलेस लेपर असायलम’ म्हणजे बेघर कुष्ठरुग्णांचा आश्रम सुरू केला. पुढे संस्थेला ॲक्वर्थ यांचे नाव मिळाले आणि आज ती जागा वडाळा म्हणून ओळखली जाते.

मराठी वाचकाला ॲक्वर्थ हे नाव दुसऱ्याही एका कारणाने परिचित असावयास हवे. शाहिरांच्या तोंडी असलेले पोवाडे गोळा करण्याचे मोठे काम त्यांनी शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्या सहकार्याने केले. ‘इतिहासप्रसिद्ध पुरुषांचे व स्त्रियांचे पोवाडे’ हा संग्रह १८९१ साली, म्हणजे आश्रम सुरू झाल्यानंतर लगेचच, प्रसिद्ध झाला, आणि त्यातील निवडक पोवाड्यांचे त्यांनी केलेले इंग्रजी रूपांतर १८९४ साली निघाले. जो अधिकारी मराठी लोकांच्या मौखिक स्मृतीला छापील रूप देण्यासाठी धडपडत होता, त्याच्याच आश्रमातील मराठी रुग्णांच्या तोंडची कहाणी मात्र कोणी टिपून घेतली नाही. हा दोष एका व्यक्तीचा म्हणता येणार नाही. पराक्रमी पुरुषाचे चरित्र जपावे आणि रोग्याचे विसरावे ही त्या काळाची सर्वमान्य समजूत होती, आणि ती बऱ्याच अंशी आजही बदललेली नाही.

माटुंग्याच्या आश्रमाशी निगडित एक घटना तंत्रज्ञानाच्या इतिहासात मानाचे स्थान मिळवून आहे. मुंबई महापालिकेचे जलनिस्सारण अभियंता सी. सी. जेम्स यांनी आश्रमातील सांडपाणी बंदिस्त टाकीत कुजवून त्यातून निघणारा ज्वलनशील वायू वापरण्याचे प्रयोग तेथे केले, आणि १८९७ च्या सुमारास त्या वायूवर आश्रमातील दिवे लावले गेले. जैववायूच्या इतिहासातील हे जगातील अगदी सुरुवातीच्या प्रयोगांपैकी एक मानले जाते. अनेक पुस्तकांत या प्रयोगाचे साल १८५९ असे छापलेले आढळते; परंतु जो आश्रमच १८९० साली सुरू झाला तेथे त्याआधी तीन दशके हा प्रयोग होणे शक्य नाही, तेव्हा हे साल चुकून छापले गेले असावे असेच म्हणावे लागते. या प्रयोगाची नोंद घेताना एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही : शहराला हाताळावेसे न वाटणारे सांडपाणी आणि शहराला पाहावीशी न वाटणारी माणसे एकाच आवारात आली होती, आणि प्रयोगासाठी अशी जागा मिळणे सोपे होते.

१८९८ साली संपूर्ण ब्रिटिश हिंदुस्थानसाठी कुष्ठरोग्यांचा कायदा झाला. कायद्याचा रोख निर्धन रुग्णांवर, म्हणजे भीक मागणाऱ्या आणि निर्वाहाचे साधन नसलेल्या माणसांवर होता; अशा रुग्णाला पकडून, डॉक्टरकडून तपासून, दंडाधिकाऱ्याच्या हुकमाने आश्रमात ठेवता येत असे, आणि ठरावीक व्यवसाय करण्यास रुग्णांना बंदी घालता येत असे. घरात राहून उपचार घेऊ शकणारा सधन रुग्ण या तरतुदींतून बहुतांशी सुटत होता. संसर्ग टाळणे हा हेतू सांगितला गेला तरी व्यवहारात हा कायदा रोगापेक्षा दारिद्र्यावर चालला, असा निष्कर्ष त्याच्या रचनेवरूनच काढता येतो.

विसाव्या शतकात महाराष्ट्रातील कुष्ठसेवेचे केंद्र मुंबईकडून विदर्भाकडे सरकले, आणि तिचा पायाही बदलला. विनोबा भावे यांच्या प्रेरणेने मनोहरजी दिवाण यांनी १९३६ साली वर्ध्याजवळ दत्तपूरला कुष्ठधाम सुरू केले. सेवाग्राम आश्रमात महात्मा गांधींनी कुष्ठरोग झालेले संस्कृतचे विद्वान परचुरे शास्त्री यांना आश्रय दिला आणि त्यांच्या जखमा स्वतःच्या हातांनी धुतल्या. या एका कृतीने भीती कमी करण्याचे जे काम केले ते अनेक पत्रकांनी झाले नसते. अमरावतीत डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी १९४६ साली विदर्भ महारोगी सेवा मंडळ स्थापून तपोवन उभे केले, तर बाबा आमटे यांनी १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापून वरोऱ्याजवळच्या खडकाळ माळावर आनंदवन वसवले. या संस्थांत रुग्ण केवळ आश्रित नव्हता. त्याने विहीर खोदली, शेत पिकवले, माग चालवला आणि घरे बांधली. दान घेणाऱ्याला निर्माता करण्याचा हा विचार माटुंग्याच्या आश्रमापेक्षा मूलतः वेगळा होता. त्यातील उणीव इतकीच की बरा झालेला माणूसही अनेकदा आपल्या गावी परत जाऊ शकत नव्हता, आणि आश्रम हेच त्याचे कायमचे गाव होत होते.

बरे होणे शक्य झाले ते १९४० च्या दशकात आलेल्या सल्फोन गटातील औषधांमुळे, आणि विशेषतः डॅप्सोन या स्वस्त गोळीमुळे. गोळी घरी घेता येत असल्यामुळे रुग्णाला आश्रमात आणण्याऐवजी औषधच रुग्णाच्या दारी नेणे शक्य झाले. १९५१ साली वर्ध्याला स्थापन झालेल्या गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठानच्या डॉ. र. वि. वर्देकर यांनी याच शक्यतेवर सर्वेक्षण, शिक्षण आणि उपचार या त्रिसूत्रीची पद्धत घडवली, आणि ती पुढे देशाच्या कार्यक्रमाचा आधार ठरली. या पद्धतीत निमवैद्यकीय कर्मचारी सायकलवरून गावोगाव फिरत. घरातील प्रत्येक माणसाचे अंग दिवसाउजेडी पाहायचे, फिकट किंवा तांबूस चट्टा दिसला तर त्या माणसाला डोळे मिटायला सांगून चट्ट्यावर कापसाचे टोक हलकेच टेकवायचे, आणि स्पर्श कोठे झाला ते त्याला बोटाने दाखवायला सांगायचे. बोट चट्ट्यावर न जाता दुसरीकडे गेले किंवा जागचे हललेच नाही तर बधिरता आहे असे समजायचे. मग कोपराच्या मागच्या बाजूची नस चाचपून ती जाड झाली आहे का ते पाहायचे. कोणतेही महागडे यंत्र न वापरता केवळ कापूस, बोटे आणि चिकाटी यांच्या बळावर लाखो माणसे तपासली गेली, आणि महाराष्ट्रातील कुष्ठरोगाच्या इतिहासात या कर्मचाऱ्यांचे स्थान नामांकित डॉक्टरांच्या खालोखाल नव्हे, बरोबरीने आहे.

डॅप्सोन एकटे दिल्यास जिवाणू त्याला दाद देईनासा होतो हे पुढे ध्यानात आल्यावर जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ साली बहुविध औषधोपचाराची, म्हणजे एकाच वेळी अनेक औषधे देण्याची, शिफारस केली. भारतात राष्ट्रीय कुष्ठरोग निर्मूलन कार्यक्रम १९८३ पासून या उपचारावर उभा राहिला, आणि तो प्रथम लागू झालेल्या जिल्ह्यांत वर्ध्याचा समावेश होता. अनेक चट्टे असलेल्या प्रौढ रुग्णाला २८ दिवसांचे एक पाकीट दिले जाते : पहिल्या दिवशी आरोग्य कर्मचाऱ्यासमोर ६०० मिलिग्रॅम रिफाम्पिसिन, ३०० मिलिग्रॅम क्लोफाझिमिन व १०० मिलिग्रॅम डॅप्सोन घ्यायचे, आणि उरलेले दिवस ५० मिलिग्रॅम क्लोफाझिमिन व १०० मिलिग्रॅम डॅप्सोन घरी घ्यायचे. अशी बारा पाकिटे पूर्ण झाली की उपचार संपतो. ज्या रोगासाठी माणसाचे अख्खे आयुष्य भिंतीआड गेले, तो रोग आता बारा पाकिटांत बरा होतो; या पाकिटाइतकी बोलकी वस्तू कुष्ठरोगाच्या संग्रहालयात दुसरी नसेल.

जिवाणू मेला तरी मेलेली नस परत येत नाही, म्हणून हातापायांची शस्त्रक्रिया आणि निगा हे उपचाराचे दुसरे अंग ठरले. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी हाताच्या स्नायूबंधांची जागा बदलून वाकडी बोटे पुन्हा कामाला लावली, तर महाराष्ट्रात डॉ. नोशीर अंटिया यांनी पुण्याजवळ कोंढवा येथील कुष्ठरोग रुग्णालयात आणि मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात हात व चेहरा यांच्या पुनर्रचनेचे काम उभारले. याच काळात बधिर पायांसाठी सूक्ष्मछिद्री रबराच्या, म्हणजेच एमसीआरच्या, चपला आल्या. मऊ आतला थर शरीराचा भार तळव्यावर सारखा वाटून देतो, खालचा कठीण थर काटा-खिळा आत येऊ देत नाही, आणि मागचा पट्टा चपलेला पायातून निसटू देत नाही. चपलेत एकही खिळा नसतो, कारण तो टोचल्याचे घालणाऱ्याला कळणार नसते.

रोग बरा होऊ लागल्यानंतरही कायदा आणि मन मागे राहिले. १८९८ चा कुष्ठरोग्यांचा कायदा विधी आयोगाच्या २०१५ मधील शिफारशीनंतर २०१६ साली रद्द झाला, आणि जोडीदाराचा कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून विविध विवाह कायद्यांतून २०१९ साली वगळले गेले. म्हणजे हमखास उपचार उपलब्ध झाल्यावरही जवळजवळ चार दशके कायद्याच्या पुस्तकात जुनी भीती जिवंत होती. दर १०,००० लोकांमागे एकापेक्षा कमी रुग्ण हे निर्मूलनाचे उद्दिष्ट भारताने राष्ट्रीय पातळीवर २००५ अखेरीस गाठले. तरीही २०२३ साली जगभरात नोंदल्या गेलेल्या १ लाख ८२ हजारांवर नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक भारतातील होते. कुष्ठरोगाचे संग्रहालय म्हणजे संपलेल्या गोष्टीचे स्मारक, हा समज त्यामुळे चुकीचा ठरतो.

मग अशा संग्रहालयात रुग्णाची कहाणी कशी मांडावी, या प्रश्नाला जगातील इतर कुष्ठरोग संग्रहालयांनी दिलेली उत्तरे येथे उपयोगी पडतात. बर्गनमधील सेंट यॉर्गन रुग्णालयाची जुनी लाकडी इमारत आज संग्रहालय आहे. रुग्णांच्या लहानशा खोल्या तेथे जपल्या आहेत, आणि त्या शहरातील कुष्ठरोगाची कागदपत्रे २००१ साली युनेस्कोच्या जागतिक स्मृती नोंदीत समाविष्ट झाली. हॅन्सेन यांचा गौरव करणाऱ्या त्याच शहरात हेही नोंदलेले आहे की एका स्त्री रुग्णाच्या डोळ्यात तिच्या संमतीशिवाय जिवाणू टोचल्याबद्दल १८८० साली त्यांच्यावर खटला चालला आणि त्यांना रुग्णालयातील पद सोडावे लागले. टोकियोजवळ हिगाशिमुरायामा येथे रुग्णालयाच्या शेजारी १९९३ साली सुरू झालेल्या जपानच्या संग्रहालयामागे खुद्द माजी रुग्णांचे श्रम होते, आणि सक्तीच्या विलगीकरणाविरुद्ध त्यांनी दिलेल्या लढ्याला २००१ साली कुमामोतोच्या न्यायालयाने न्याय दिला. दोन्ही ठिकाणी डॉक्टरांचे श्रेय कमी केलेले नाही. केवळ रुग्णालाही साक्षीदाराचा दर्जा दिला आहे.

महाराष्ट्रातील स्मृतीचे काम याच दिशेने पुढे जावयास हवे, आणि त्यासाठी लागणारी सामग्री अजून पूर्णपणे हरवलेली नाही. वडाळा, कोंढवा, दत्तपूर, तपोवन, आनंदवन आणि कोकणातील जुने आश्रम यांच्याकडील प्रवेशनोंदी, पत्रव्यवहार, छायाचित्रे आणि औषधांची टिपणे यांची एकत्र सूची होणे, रुग्णांची ओळख सांभाळून ती अभ्यासकांना खुली होणे, आणि आज उतारवयात असलेल्या बऱ्या झालेल्या व्यक्तींच्या व निमवैद्यकीय कर्मचाऱ्यांच्या आठवणी त्यांच्याच मराठीत ध्वनिमुद्रित होणे ही तीन कामे तातडीची आहेत. यात परदेशस्थ मराठी माणसाचाही वाटा आहे. वेम्बलीचे प्रदर्शन केव्हाच उठले, पण तो परिसर ज्या ब्रेंट भागात येतो तेथेच डॉलिस हिलला १९३२ साली स्थापन झालेल्या लंडनच्या महाराष्ट्र मंडळाची वास्तू आहे. आणि वेम्बली पार्कहून मेट्रोपॉलिटन मार्गाने युस्टन स्क्वेअरला उतरले की हाकेच्या अंतरावर असलेल्या वेलकम संग्रहात कार्टर यांच्या रोजनिशा ठेवलेल्या आहेत, तर मुंबई इलाख्याचे सरकारी दप्तर सेंट पँक्रासजवळच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. लंडनमध्ये राहणाऱ्या आणि मराठी वाचणाऱ्या अभ्यासकांनी ही कागदपत्रे वडाळ्याच्या नोंदींशी ताडून पाहिली, तर भायखळ्याच्या धर्मशाळेत आणि माटुंग्याच्या आश्रमात दाखल झालेल्या कोकणातील माणसांचा इतिहास प्रथमच सलग लिहिता येईल. हे काम पुढच्या पिढीवर टाकण्यासारखे नाही, कारण ज्यांना विचारायचे आहे ती माणसे तोपर्यंत थांबणार नाहीत.